वायफायला नेट नाही, तरी फोन त्यालाच जोडून कसा ठेवायचा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून वायफायवाला कॅमेरा आणला किंवा गाडीत डॅशकॅम (काचेमागे लावतात तो रस्ता रेकॉर्ड करणारा कॅमेरा) बसवला, फोन त्याच्या वायफायला जोडला, आणि ॲप उघडेपर्यंत फोन गुपचूप परत मोबाइल डेटावर गेला, असं खूप जणांचं होतं आणि मग लोक कॅमेराच खराब निघाला म्हणून दुकानात परत घेऊन जातात. कॅमेरा बहुतेक वेळा ठणठणीत असतो हो. त्याच्या वायफायला नेट नसतंच, ते फक्त तुमच्या फोनशी बोलायला असतं. पावसात सोसायटीची फायबर तुटली आणि राउटरचं सेटिंगचं पेज उघडायचं असलं तरी हाच त्रास.

फोन असं का करतो? अँड्रॉइड कुठल्याही वायफायला जोडला की लगेच गूगलच्या सर्व्हरला एक छोटी रिक्वेस्ट पाठवतो आणि २०४ नंबरचं रिकामं उत्तर येतंय का बघतो. आयफोन तेच ॲपलच्या एका पेजवर करतो. उत्तर नाही आलं की फोन समजतो हे वायफाय बिनकामाचं, आणि नेटसाठी मोबाइल डेटा धरतो, मग ॲपची रिक्वेस्टपण तिकडूनच जाते आणि कॅमेऱ्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून आपण त्याला स्पष्ट सांगायचं, इथेच थांब.

अँड्रॉइडवर जोडल्यावर थोडं थांबा, वरून पट्टी खाली ओढा, तिथे या वायफायला इंटरनेट नाही अशी नोटिफिकेशन आलेली असते. ती दाबा, जोडलेलंच ठेवायचं का असं विचारेल, आधी ‘पुन्हा विचारू नका’ वर टिक करा आणि मग हो म्हणा. ही टिक लोक सोडतात आणि दरवेळी तोच खेळ होतो. नोटिफिकेशन हातातून गेली किंवा चुकून नाही दाबलं गेलं तर ते वायफाय फर्गेट करून पुन्हा जोडा, परत विचारेल.

तरीही सुटत असेल तर आपोआप मोबाइल डेटावर जाणारं सेटिंग चालू असणार. सॅमसंगमध्ये कनेक्शन्स, वायफाय, तीन टिंब, इंटेलिजंट वायफाय, तिथे स्विच टू मोबाइल डेटा बंद करा. शाओमीत वायफाय असिस्टंट नावाने असतं. बाकी कंपन्या नावं आणि जागा बदलत राहतात, त्यापेक्षा सेटिंग्जच्या सर्चमध्ये स्विच टाइप करा, लवकर सापडतं. आयफोनवर मोबाइल डेटाच्या पानावर एकदम खाली वायफाय असिस्ट आहे, ते बंद.

घाई असेल तर माझ्या मते सरळ मोबाइल डेटाच बंद करा, सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. घरात असाल तर घरच्या वायफायचं ऑटो कनेक्टपण काढा, नाहीतर फोन तिकडे उडी मारतो. फक्त तेवढ्या वेळात व्हॉट्सॲप आणि यूपीआय चालणार नाही हे लक्षात ठेवा, काम झालं की डेटा चालू करूनच खाली वाण्याकडे जा.

फोन जोडलेला दिसतोय पण ॲप काळंच? मग आधी व्हीपीएन, म्हणजे तुमचं नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे फिरवणारं ॲप, असेल तर बंद करा. आयफोनवर प्रायव्हसीमध्ये लोकल नेटवर्कची परवानगी ॲपला दिलीय का बघा, आयओएस १४ पासून ती लागते. अँड्रॉइडवर बऱ्याच डॅशकॅम ॲपना लोकेशन लागतं कारण आजूबाजूची वायफाय नावं वाचायला ती परवानगी हवी असते. ईएसपी ३२ या छोट्या वायफायवाल्या सर्किट बोर्डवर प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांनी ॲप सोडून ब्राउझरमध्ये थेट १९२.१६८.४.१ टाकून बघावं, बोर्ड स्वतः हॉटस्पॉट होतो तेव्हा सहसा हाच पत्ता असतो.

ज्यांना कॉम्प्युटरवरून एडीबी (केबल लावून अँड्रॉइड फोनला कमांड द्यायचं टूल) चालवता येतं ते ग्लोबल सेटिंगमधलं कॅप्टिव्ह पोर्टल मोड शून्य करून फोनची ती तपासणीच बंद करू शकतात. जुना फोन कायम एकाच कॅमेऱ्याला लावून ठेवायचा असेल तर हे मस्त. रोजच्या फोनवर मात्र करू नका, केलंच तर काम झाल्यावर परत १ करा, कारण रेल्वे स्टेशनवर रेलवायरच्या फुकट वायफायला जोडल्यावर ओटीपीचं पेज आपोआप उघडतं ते याच तपासणीमुळे, ती बंद असली तर फोन नुसता जोडलेला दिसेल आणि नेट काही येणार नाही.