साल्सा सोशलला जाताय? या चुका टाळा (आणि कॅरमची पावडर घरीच ठेवा)

शनिवारी संध्याकाळी नळ स्टॉपला मेट्रोत चढलो की बंड गार्डन येईपर्यंत माझे ओठ हलत असतात. एक-दोन-तीन, पाच-सहा-सात. समोरच्या सीटवरच्या आजोबांना वाटत असावं, मुलगा स्तोत्र म्हणतोय. वाटू दे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: साल्सा हा जोडीनं करायचा नाच, आणि सोशल म्हणजे क्लास नव्हे आणि स्टेजवरचा कार्यक्रमही नव्हे. एखाद्या कॅफेच्या गच्चीवर नाहीतर स्टुडिओत गाणी लागतात. ओळख असो-नसो, विचारायचं, चार-पाच मिनिटं नाचायचं, थँक यू म्हणायचं आणि पुढच्या गाण्याला पुढचा माणूस. नवीन मंडळी दोन महिने क्लास करून येतात, तीन सोशल होतात, आणि मग कोपऱ्यात गाठून विचारतात, "माझ्याबरोबर कुणी दुसऱ्यांदा नाचत नाही. अजून स्टेप्स शिकू का?" नका शिकू. स्टेप्सचा दोष दहातून एखाद्या वेळी असतो. बाकीच्या वेळी दोष असतो भेळेतल्या कांद्याचा, बुटाच्या तळाचा, अंगठ्याचा. पुढच्या बऱ्याचशा चुका मी स्वतः केलेल्या आहेत, त्यामुळे अधिकारवाणीनं सांगतो.

मिसळ खाऊन जाणं

कांदा आणि लसूण. निघताना दात घासले, बडीशेप चघळली, तरी उपयोग नाही. लसणातलं एक गंधकयुक्त द्रव्य रक्तात उतरतं आणि फुफ्फुसांतून श्वासावाटे बाहेर येत राहतं. टूथब्रश तिथवर पोचत नाही. सोशलच्या दिवशी संध्याकाळी दहीभात खा, मिसळ रविवारी.

घामाचं म्हणाल तर घाम सगळ्यांनाच येतो. चूक आहे ती ओल्या शर्टावर डिओ मारण्याची. त्यानं दोन वास होतात. पिशवीत दोन जादा शर्ट ठेवा आणि एक पंचा. फॅन्सी नॅपकिन घाम पुसत नाही, नुसता पसरवतो. आपला पंचा शोषून घेतो, घडी केली की मुठीत मावतो आणि रात्रीत वाळतो. माझा पाहून आमच्यातल्या चौघांनी आणले. आता बाकावर कुणाचा कुठला हे ओळखायला काठाच्या रंगावरून भांडणं होतात.

चुकीचा तळ

ही चूक मी नीट, सविस्तर केली आहे.

माझ्या पहिल्याच सोशलला टाइल्सची गच्ची होती आणि माझ्या पायात रबरी तळाचे स्पोर्ट्स शूज. रबर टाइलला धरून बसतं. अंग फिरतं, पाऊल फिरत नाही, आणि मधल्या मधे पिळा बसतो तो गुडघ्याला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी जिन्याचा कठडा धरून उतरत होतो. यावर माझ्या सुपीक डोक्यातून उपाय निघाला: कॅरमची पावडर. पुढच्या शनिवारी कागदाच्या पुडीत घरून घेऊन गेलो आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून बुटांखाली जराशी टाकली. दोन गाणी काय सांगू! स्ट्रायकरसारखा फिरत होतो. तिसऱ्या गाण्यापर्यंत ती जराशी पावडर अर्ध्या गच्चीवर पसरली होती आणि शेजारच्या जोडीतली मुलगी काहीही कारण नसताना एकदम खाली बसली. कोपर सोलवटलं तिचं. गाणं थांबलं, ओलं फडकं आलं, दहा मिनिटं पुसापुशी. "कुणी टाकलं हे?" असं कुणीच विचारलं नाही, कारण माझी काळी पँट गुडघ्यापर्यंत पांढरी झालेली होती.

तर पावडर नको. नाचाचे बूट मिळतात, त्यांना खाली स्वेडचा, म्हणजे लवदार चामड्याचा तळ असतो. तो हवा तितका सरकतो आणि हवा तिथे थांबतोही. ते घालून रस्त्यावर चालायचं नाही, ओल्या बाथरूममध्ये तर मुळीच नाही. लव दबून गुळगुळीत झाली की तारेच्या ब्रशनं खरवडायची. एवढा खर्च इतक्यात नको असेल तर लग्नात घेतलेले चामडी तळाचे बूट माळ्यावरून काढा. एरवी कुठे वापरणार आहात ते?

'एक' सापडत नाही

गाणं सुरू होतं, समोरची हसून वाट बघत असते आणि आपल्याला पहिली मात्रा सापडत नाही. आपल्यातले बरेच जण गायकाच्या मागे जातात आणि तिथेच फसतात. गायक मात्रेच्या आधीही उठतो, नंतरही उठतो. तो मोकळा असतो, आपण नसतो.

गायकाला सोडा, कोंगा ऐका. हाताच्या थापेनं वाजणारा उंच ढोल तो. त्यात नेहमीच्या ठेक्यात दोन खुल्या, घुमणाऱ्या थापा जोडीनं येतात: धुम-धुम. त्या पडतात चौथ्या मात्रेवर आणि तिच्या लगेच मागे, अर्ध्या मात्रेवर. तसंच पुन्हा आठवीला. म्हणजे धुम-धुम झाल्यावर जे येतं ते 'एक' तरी असतं नाहीतर 'पाच'. भजनात टाळ वाजवलेल्या माणसाला हे चटकन जमतं, कारण केरव्याच्याही आठच मात्रा. फरक इतकाच की साल्सात चौथ्या आणि आठव्या मात्रेला पाऊल पडत नाही. आपल्या अंगात ती मोकळी मात्रा भरून काढायची खोड आहे. मोकळी जागा दिसली की स्कूटर घालतो, तसं.

एवढं करूनही हुकलं तर एक गाणं कडेला उभं राहा आणि एखाद्या जुन्या नाचणाऱ्याच्या पावलांशी आपला पाय जुळवा. जोडीदाराच्या कानात "वन टू थ्री" मोजू नका, तिला येतं. आणि कधी कधी चूक कुणाचीच नसते: लॉस एंजेलिसच्या पद्धतीत पुढे-मागे जाणारं पाऊल एकवर पडतं, न्यूयॉर्कच्या पद्धतीत दोनवर. दोघं दोन गावांची निघाली की रस्सीखेच होते. विचारून घ्या, "ऑन वन की ऑन टू?" प्रश्न सुटतो.

सोशलला बचाता नावाचा दुसरा नाचही असतो, त्याचं सोपं आहे. तीन पावलं आणि चौथ्याला टॅप. टॅप म्हटलंय, लाथ नाही. डॉमिनिकन प्रजासत्ताकाचा हा नाच युनेस्कोनं 2019 मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला, तो काही आपण शेजाऱ्याच्या नडग्या फोडाव्यात म्हणून नव्हे.

पीएमपीची कडी

बसमध्ये वरची कडी धरून लटकतो ना, तसा काही जण जोडीदाराचा हात धरतात. अंगठा वरून घट्ट. मग टर्न दिला की तिचं मनगट मुरगळतं, कारण तिच्या हाताला आपल्या मुठीत फिरायला जागाच नसते. बोटं नुसती वाकवून आकड्यासारखी ठेवा, तिच्या बोटांना त्यांच्यावर फिरू दे, आणि अंगठा बाजूला. घरी तपासायचं असेल तर रुमालाचं टोक बोटांवर ठेवा, अंगठा न लावता. दुसरं टोक धरून कुणीतरी हळूच ओढलं की रुमाल सुटायला हवा. सुटत नसेल तर तुम्ही अजून बसमध्येच आहात.

अंगठ्या, कडी, घड्याळं काढून ठेवा. लांब वेणी असेल तर वर बांधा. वेणीचा फटका डोळ्यावर बसला की गाणं संपेपर्यंत काही दिसत नाही.

लक्ष्मी रोडवर ट्रक

क्लासमध्ये चाळीस जणांचा हॉल दहा जणांना मिळालेला असतो. सोशलला त्याच जागेत साठ. तिथे क्लासमधली लांबलचक पावलं टाकणं म्हणजे दिवाळीच्या आधी लक्ष्मी रोडवर ट्रक आणणं. घरातल्या दोन फुटी टाइलच्या आत बेसिक, म्हणजे मूळ पावलं, बसवून बघा, तेवढीच जागा मिळणार आहे. जोडीदाराला पलीकडे पाठवण्याआधी पलीकडे कुणी आहे का ते बघायचं काम लीड करणाऱ्याचं, म्हणजे जोडीत पुढाकार घेऊन नाचवणाऱ्याचं. तिची पाठ असते तिकडे. धक्का लागला तर कुणाची चूक हे न ठरवता सॉरी म्हणा. (पुणेकराला हे जड जातं, मान्य आहे.) आणि जिला आज पहिल्यांदा भेटलात तिला पाठीतून वाकवून खाली सोडू नका. रीलमध्ये छान दिसतं, पण कंबर तिची असते.

नकार पचत नाही

"नाही" आलं की काही जण "का?" विचारतात. तिचे पाय दुखत असतील, गाणं आवडत नसेल, किंवा नसेल नाचायचं तुमच्याशी. कारण सांगायला ती बांधील नाही. डेक्कनला रोज चार रिक्षावाले आपल्याला मान फिरवून नाही म्हणतात, आपण तिथे रडत बसतो का? पाचव्याला हात करतो.

ब्युनोस आयर्समधल्या टँगोवाल्यांनी यावर नामी युक्ती काढली आहे, काबेसेओ. हॉलच्या या टोकावरून नजर द्यायची, पलीकडून नजर आली आणि मान हलली तरच उठायचं. नजर वळली तर विचारलंच नव्हतं, दोघांचीही झाकली मूठ. आपल्याकडच्या सोशलला हात पुढे करूनच विचारतात, आणि बायकांनीही खुशाल विचारावं. मात्र एकाला नाही म्हणून त्याच गाण्याला लगेच दुसऱ्याबरोबर उठू नका. ते फार लागतं माणसाला.

फ्लोअरवर पाटी लावणं

न विचारता शिकवणं हा पुण्यातला जुना आजार. चालू गाण्यात थांबून "कोपर असं नको, असं" सांगणाऱ्यांना मी मनातल्या मनात पाटीवाले म्हणतो. समोरच्यानं विचारलं तर सांगा, तेही गाणं संपल्यावर, फ्लोअरच्या बाहेर. अपवाद एकच: दुखत असेल तर त्याच क्षणी बोला. "हात जरा सैल धरा" एवढं पुरतं.

घरचा सराव

इथे चूक वेळेची होते. ऑफिस, ट्रॅफिक, जेवण उरकून पाय हलायला रात्रीचे साडेदहा वाजतात. स्पीकरचं मला ठाऊक होतं: रात्री दहा ते सकाळी सहा बाहेर लाउडस्पीकरला मनाई, आणि निवासी भागात रात्रीची आवाजाची मर्यादा 45 डेसिबल. म्हणून मी शहाण्यासारखा कानात इअरफोन घालून नाचायचो. पावलांचा आवाज खालच्या मजल्यावर जातो हे इअरफोनमुळेच मला कळत नव्हतं. महिनाभरानं सोसायटीच्या ग्रुपवर खालच्या काकूंचा मेसेज आला, "रात्री अकराला पाट्यावर वाटण कोण वाटतं?" बारा जणांनी हात वर केले, आम्ही नाही. मी तेरावा.

आता योगासनाची मॅट आणि जाड मोजे. मॅटवर टर्न होत नाहीत, मोज्यात तोल जातो, पण नुसत्या बेसिकला चालतं. परवा लिफ्टमध्ये काकू भेटल्या. म्हणाल्या, "हल्ली वाटण बंद केलंस वाटतं. पण एक सांगू का रे, तीनदा वाजलं की तू मधे थांबायचास. मिक्सर का नाही घेत?"