रात्री श्वास अडतो? नोकरी सांभाळून व्यायाम असा बसवा

नवऱ्याचं घोरणं मध्येच थांबलं की मला जाग यायची. अंधारात मी आकडे मोजत पडायचे. बारा, पंधरा, एकदा तर सव्वीस. मग घशातून खर्रकन आवाज यायचा, तो कूस बदलायचा आणि पुन्हा घोरायला लागायचा. सकाळी विचारलं की म्हणायचा, "मस्त झोप लागली." आणि दुपारी मीटिंगमध्ये त्याच्या माना पडायच्या. दिवसभर काम करून थकतो म्हणून घोरतो, अशी आम्ही दोघांनीही समजूत करून घेतली होती. त्या समजुतीत आमची दोन वर्षं गेली. तुमची जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

या त्रासाला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे सरकते, टाळूचा मऊ भाग खाली येतो आणि हवेची वाट बंद होते. छाती श्वास ओढत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन घसरला की मेंदू माणसाला अर्धवट जागं करतो, वाट मोकळी होते आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ अडला तर तो एक झटका धरतात.

हा त्रास फक्त लठ्ठ, म्हाताऱ्या माणसांना होतो असं वाटत असेल तर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात 1988 साली सुरू झालेला अभ्यास बघा. तो सरकारी कर्मचाऱ्यांवर, म्हणजे रोज कामावर जाणाऱ्या माणसांवर झाला. 1993 मध्ये त्याचे आकडे आले: 30 ते 60 वयातल्या सुमारे 24 टक्के पुरुषांना आणि 9 टक्के स्त्रियांना तासाला किमान पाच वेळा असा अडथळा येत होता. पुढे 2004 मध्ये याच अभ्यासातून दिसलं की नियमित व्यायाम करणाऱ्यांमध्ये हा त्रास कमी आढळतो, आणि वजनाचा हिशेब बाजूला काढला तरी फरक उरतो.

आधी खात्री करून घ्या

शेजारी झोपणाऱ्याला विचारा. एकटे राहत असाल तर दोन-तीन रात्री फोन उशाजवळ ठेवून आवाज रेकॉर्ड करा. उठल्यावर डोकं दुखतं का, तोंडाला कोरड पडते का, रात्री लघवीला वारंवार उठावं लागतं का, गाडी चालवताना डोळे मिटतात का, हे लिहून ठेवा. टेप घेऊन मानेचा घेर मोजा. तो 40 सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर शंका वाढते. रक्तदाब मोजलेला नसेल तर तोही मोजा.

हे सगळं घेऊन डॉक्टरांकडे जा आणि झोपेची चाचणी करून घ्या. झोपेच्या प्रयोगशाळेत किंवा काही जणांच्या बाबतीत घरीच यंत्र लावून ती होते. अहवालात तासाला किती वेळा श्वास अडला किंवा उथळ झाला याचा आकडा असतो. 5 ते 15 म्हणजे सौम्य, 15 ते 30 मध्यम, त्यावर तीव्र. हा आकडा डायरीत लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

डॉक्टरांनी सीपॅप मशीन दिलं असेल तर व्यायाम सुरू केला म्हणून ते काढून ठेवू नका. मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं हे यंत्र 1981 पासून लोकांच्या कामी येतंय आणि त्याचा परिणाम पहिल्या रात्रीपासून दिसतो. व्यायामाला आठवडे लागतात. दोन्ही एकत्र चालू द्या. छातीत दुखत असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल तर व्यायामाआधी डॉक्टरांशी बोलाच.

पायातलं पाणी

संध्याकाळी घरी आल्यावर मोजे काढा आणि घोट्याच्या वर बघा. इलॅस्टिकचा खोल वळ उठलाय? अंगठ्याने नडगीवर दोन क्षण दाबा. खळगा पडतो आणि हळूहळू भरतो? दिवसभर खुर्चीत बसल्यावर पायात द्रव साचतो, त्याची ही खूण.

रात्री आडवं झाल्यावर हा द्रव वर सरकतो, आणि त्यातला काही मानेत येतो. तिथले ऊतक किंचित फुगले तरी आधीच अरुंद असलेली श्वासाची वाट आणखी चिमटते. जितका वेळ बसून काढावा, तितका रात्री जास्त द्रव वर येतो, असंही आढळलं आहे. मला हे कळलं तेव्हा नवऱ्याच्या खुर्चीचा आणि त्याच्या घोरण्याचा संबंध पहिल्यांदा लागला. (दोन्ही पाय खूप सुजत असतील किंवा चालताना धाप लागत असेल तर हृदय आणि मूत्रपिंडं तपासून घ्या, तो वेगळा विषय आहे.)

पोटरीचे स्नायू आकसतात तेव्हा ते पायातलं रक्त वर ढकलतात. म्हणून दर तासाला उठा आणि दोन-तीन मिनिटं चाला. फोनवर बोलणं उभ्याने किंवा चालत करा. उठता येत नसेल, लांबलचक मीटिंग असेल, तर टेबलाखाली टाचा वर-खाली करा, वीस-तीस वेळा. कुणाला दिसतही नाही. कामाच्या ठिकाणाहून निघाल्यावर अर्धा तास चालणं जमलं तर फारच उत्तम, कारण झोपण्याआधी पाय मोकळे होतात.

बारा आठवड्यांची बैठक

2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बैठं आयुष्य असलेल्या, वजन जास्त असलेल्या रुग्णांना बारा आठवडे व्यायाम दिला. आठवड्यात चार दिवस मिळून 150 मिनिटं दम वाढवणारा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा. श्वास अडण्याचा आकडा तासाला सुमारे 32 वरून 25 च्या आसपास आला. वजन मात्र फारसं उतरलं नव्हतं. मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो, कारण काटा हलत नाही म्हणून महिन्याभरात व्यायाम सोडणारी माणसं मी खूप बघितली आहेत. काटा हलला नाही तरी चालत राहा. वजन उतरलं तर आणखी फायदा आहेच.

सुरुवात लहान ठेवा. झोप अपुरी असलेल्या माणसाला पहाटे पाचचा गजर लावायला सांगणं मला पटत नाही. आधीच तुटलेली झोप आणखी कापली जाते. पहिले दोन आठवडे रोज दहा-पंधरा मिनिटं चाला, तेही कामाच्या दिवसातच बसवून. तिसऱ्या आठवड्यापासून वाढवत सहाव्यापर्यंत चार दिवस पस्तीस-चाळीस मिनिटांवर या. वेग असा हवा की चालताना बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. सायकल, पोहणं, काहीही चालेल. गुडघे दुखत असतील तर पोहणं सोयीचं.

दोन दिवस उठाबशा, भिंतीला टेकून जोर, हलकी वजनं. जोर लावताना श्वास रोखू नका, बाहेर सोडा. रोखला तर रक्तदाब एकदम चढतो. आणि दमवणारा व्यायाम झोपेच्या तोंडावर नको, मध्ये दोन तास तरी जाऊ द्या.

जीभ आणि टाळू

2009 मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी मध्यम त्रास असलेल्या रुग्णांकडून तीन महिने तोंडाचे आणि घशाचे व्यायाम करून घेतले. श्वास अडण्याचा आकडा सरासरी 39 टक्क्यांनी घटला. आरशासमोर करून बघा:

1. जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला लावा आणि टाळूवरून मागे सरकवत न्या. 20 वेळा.
2. पूर्ण जीभ टाळूला चिकटवून ओढून धरा, सोडा. 20 वेळा.
3. टोक खालच्या दातांना टेकवून जिभेचा मागचा भाग खाली दाबा. 20 वेळा.
4. तोंड उघडून "आ" म्हणा आणि पडजीभ वर उचलली जाते का बघा. 20 वेळा.

चौथा पहिल्या आठवड्यात जमत नाही. पडजीभ जागची हलत नाही, नुसता घसा ताणला जातो. दहाव्या-बाराव्या दिवशी ती वर जाताना आरशात दिसते.

रात्री

कुशीवर झोपा. अनेकांचा त्रास उताणं झोपल्यावर वाढतो, कारण जीभ सरळ मागे पडते. पाठीमागे लांब उशी लावली तर उताणं होणं टळतं. झोपण्याआधी दारू नको, घशाचे स्नायू तिने आणखी सैल पडतात. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने मुळीच नकोत.

पुन्हा मोजा

बारा आठवड्यांनी मानेचा घेर, सकाळचा रक्तदाब आणि फोनवरचं रेकॉर्डिंग पुन्हा घ्या, आणि डॉक्टरांना विचारून झोपेची चाचणी परत करा. घोरण्याचा आवाज कमी झाला म्हणजे श्वास अडणं थांबलंच असं नाही, ते चाचणीतच कळतं. मशीन वापरत असाल तर ते बंद करायचं की दाब बदलायचा, हे नव्या अहवालावरून डॉक्टरच ठरवतील. आणि तोवर गाडी चालवताना एकदा जरी डुलकी आली, तर त्याच दिवसापासून स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती द्या.