बग्गीचा सस्पेन्शन आर्म घरी बनवताना

शेतातल्या कच्च्या वाटेसाठी मोटारसायकलचे इंजिन बसवून केलेल्या माझ्या बग्गीचा पुढचा खालचा आर्म (चाकाला चौकटीशी जोडणारा, वर-खाली हलणारा दांडा) गेल्या पावसाळ्यात, उसाच्या सरीत चाक आदळताच, वेल्डिंगच्या कडेला चिरला. जोड शाबूत होता. फाटली होती ती त्याच्या लगतची, उष्णतेने कमजोर झालेली नळी. जेमतेम 2 मिमी जाडीची ती साधी नळी तिथे वापरायलाच नको होती. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हिंडून 3 मिमीची सीमलेस (बिनसांध्याची) नळी आणली, लेथवर बुशची (आर्म जिथे फिरतो तिथल्या गोल अस्तराची) घरे कातून घेतली आणि जाड प्लेटवर बोल्ट रोवून जिग, म्हणजे भाग जागच्या जागी धरून ठेवणारा साचा, तयार केला, कारण जिगशिवाय वेल्ड केलेला आर्म थंड होताना ओढला जातो आणि दोन्ही बुश एका रेषेत राहत नाहीत. आधी नुसते टाके मारले, मग समोरासमोरच्या बाजूंनी आलटूनपालटून थोडे थोडे वेल्डिंग केले.

तरीही बसवल्यावर आर्म हलेना. पॉलियुरेथेन बुशच्या आतली लोखंडी स्लीव्ह (जिच्यातून बोल्ट जातो ती नळी) अर्धा मिमी आखूड होती, त्यामुळे बोल्ट आवळताच चौकटीवरचे ब्रॅकेट बुशलाच चिमटीत धरत होते; खरे तर स्लीव्ह बुशपेक्षा किंचित लांब हवी. (माप माझेच चुकले होते, लेथवाल्या काकांनी "एवढीच न्हवं?" असे दोनदा विचारलेही होते.) नवी स्लीव्ह घातली, बोल्ट पुरता आवळला आणि हात सोडताच आर्म स्वतःच्या वजनाने अलगद खाली आला.