आखाजीआधी पाणीपट्टीची तयारी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघर पितरांच्या नावाने घागर भरली जाते, माहेरवाशिणी आलेल्या असतात, आणि गावची मोटार जळते ती बहुतेक याच दिवसांत. विहीर खोल गेलेली, व्होल्टेज कमी, पंप जास्त तास चालणारा. म्हणून पैशाची तयारी 26 जानेवारीच्या ग्रामसभेआधीच करा.

आधी बारा महिन्यांची वीजबिलं काढून क्रमाने लावा. बिल सापडत नसेल तर 10 एचपीची मोटार रोज 6 तास चालली की महिन्याला निदान 1,350 युनिट धरा. पाणी सोडणाऱ्याचा पगार, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, टाकी धुण्याची मजुरी त्यात मिळवा. मग दुरुस्ती. अंदाजपत्रकात हीच बाब कोरी सुटते. आमच्याकडे एका उन्हाळ्यात मोटार जळली तेव्हा खात्यात वाइंडिंगपुरतेही पैसे नव्हते. चेनपुलीने एकेक पाईप वर आला, मोटार टेम्पोत चढली आणि आम्ही वर्गणीची वही घेऊन दारोदार फिरलो. आठ दिवस बायाबापड्यांनी वावरातल्या विहिरींवरून हंडे आणले. ते पुन्हा नको.

दर ठरवण्याआधी व्हॉल्व्हच्या खड्ड्यात स्वतः वाकून बघा. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेल्या सांध्यातून झिरपणारं पाणीही वीज खर्चूनच वर आलेलं असतं.

आता भागाकार. समजा 300 नळ आहेत आणि महिन्याचा खर्च 36,000 रुपये, तर नळामागे 120. त्यावर दुरुस्तीचे 20 घ्या. वर्षाला 72,000 साठतात. पण सगळे भरत नाहीत. म्हणून नमुना 9, म्हणजे पंचायतीची कर मागणीची वही, उघडून थकबाकी नावानिशी पाहा. वसुलीला निघायचं ते कापूस विकला जातो तेव्हा, चैत्रात नाही.

पंधराव्या वित्त आयोगात बंधित, म्हणजे ठरावीक कामांनाच वापरता येणाऱ्या, निधीचा निम्मा वाटा पाण्यासाठी होता. असा निधी पाईपलाईन बदलायला, नव्या मोटारीला जरूर वापरा. वीजबिल मात्र त्याच्या भरवशावर ठेवू नका, हप्ता बिलाच्या तारखेला येत नसतो.

पाणी समितीत निम्म्या महिला असतात. त्यांची बैठक ग्रामसभेआधी घ्या, पाणी किती वाजता आणि कोणत्या गल्लीत पोचत नाही हे त्याच सांगतील. दराचा ठराव सभेतच मोठ्याने वाचून सह्या घ्या, आणि पाणीपुरवठ्याच्या खात्यातली शिल्लक दरमहा पंचायतीच्या फळ्यावर खडूने कोण लिहिणार, तेही नाव त्यात घाला.