मिलवरची शीट चिकटू नये म्हणून

मे महिन्यातला सोमवार. शनिवारी दुसऱ्या पाळीत मिलवर (दोन रुळांमध्ये रबर घोटायचं यंत्र) काढलेल्या नॅचरल रबराच्या चार बॅचच्या शिटा पॅलेटवर रचून ठेवल्या होत्या. सकाळी मोल्डिंगचा पोरगा एक शीट उचलायला गेला, तर अख्खा थर हलला. वरच्या तीन कशाबशा सुटल्या, खाली नुसता ठोकळा. आमचे जुने मिलमन, त्यांना सगळे मामाच म्हणतात, कडेने बोट घालून बघत होते. म्हणाले, "साहेब, शिटा कसल्या, वडी थापलीय." आणि गंमत म्हणजे शिटा चिकटू नयेत म्हणून मारतात ती पावडर भरपूर होती. हात पांढरे होतील इतकी.

भोसरीत मिक्सिंगला काम करतोय त्याला आता बावीस वर्षं झाली. शीट चिकटली की पहिला आरडाओरडा होतो तो "पावडर कमी पडली" असा. पण तपासाला बसलं की बहुतेक वेळा सापडतं ते एकच: शीट गरम असताना रचली. गरम रबर मऊ असतं. वरून वजन आलं की दोन शिटांमधली हवा निघून जाते, एकीच्या रेणूंच्या लांब साखळ्या दुसरीत शिरतात आणि मग मधे सीमाच उरत नाही. पावडर ती सीमा थोडा वेळ राखते, एवढंच.

म्हणून रचण्याआधी थंड करणं. मिलवरून उतरणारी ८-१० मिमीची शीट ८०-९० अंशांना असते. रबरातून उष्णता हळू जाते, त्यामुळे वरचा पापुद्रा दहा मिनिटांत गार लागतो आणि पोट गरमच राहतं. तापमान बघायची बंदूक फक्त वरचा पापुद्रा वाचते. त्या शनिवारीही तिने ३८ दाखवले होते. आता मी सुईचा प्रोब शीटच्या कडेतून चांगला बोटभर आत खुपसतो आणि आकडा थांबेपर्यंत धरतो. आत ४० च्या खाली आल्याशिवाय रचायचं नाही. उन्हाळ्यात पत्र्याखाली शेडच चाळिशीला टेकते. तेव्हा पंख्याने काही साधत नाही. चिकट बॅच रात्रपाळीला घ्यायच्या आणि बारा शिटांऐवजी सहाचाच थर लावायचा. कोणी जागेचं रडगाणं लावलं तर त्याला ती वडी फोडायला बसवावं.

आता द्रावण. स्टिअरेटचं तयार अँटीटॅक (शिटा चिकटू नयेत म्हणून लावायचा माल) आम्ही पाण्यात ३ टक्के करतो, म्हणजे २०० लिटरच्या टाकीत ६ किलो. शीट गरम असतानाच बुडवायची: तिच्याच उष्णतेने पाणी उडतं आणि पातळ, सारखा थर बसतो. दर बॅचबरोबर थोडं थोडं द्रावण शीटबरोबर जातं, कोणी नुसतंच पाणी वाढवतं, आणि दुपारपर्यंत टाकीत काय उरलं हे देवालाच ठाऊक. मी स्टीलच्या ताटलीत १०० ग्रॅम द्रावण घेऊन शेगडीवर आटवतो. खाली ३ ग्रॅम उरले तर ठीक, दीडच उरले तर माल घाला. माती किंवा खडूवालं द्रावण असेल तर ढवळणं बंद पडताच सगळं तळाला बसतं, मग वरचं पाणी नुसतं पांढरट दिसतं. आणि साबणवालं असेल तर बोअरचं पाणी वापरू नका. जड पाण्यात साबण फाटतो, वर साय धरते, शीटवर ठिपके उठतात.

वाळवणं हा पावसाळ्यातला खरा छळ. ओली शीट रचली तर चिकटणार नाही कदाचित, पण आत अडकलेलं पाणी मोल्डमध्ये १६० अंशांना वाफ होऊन फुगा करतं. शिफ्टच्या शेवटी वर्तमानपत्राचा तुकडा दोन शिटांमध्ये दाबून बघतो. कागद ओला झाला तर सगळा थर परत वाळत घालायच्या दांड्यावर.

कोरडी पावडर मी शक्य तिथे टाळतो. शंखजिरं स्वस्त पडतं, पण ते रबरात विरघळत नाही. मोल्डमध्ये दोन प्रवाह भेटतात तिथे ते मधे राहिलं की पार्ट त्याच रेषेवर फाटतो. शिवाय धूळ फुप्फुसात. झिंक स्टिअरेट साधारण १२० अंशांना वितळून बऱ्याचशा रबरात मिसळतं म्हणून बरं, पण त्याची उडालेली धूळ ठिणगीने पेट घेते. वेल्डिंगवाल्याला त्या बाजूला फिरकू देऊ नका. धातूला चिकटवायचं कंपाउंड (सगळा माल मिसळलेलं रबर) असेल, इंजिन माउंटिंगसारखं, तर यातलं काहीच नको. तिथे फक्त स्वच्छ पॉलिथिन, तेही निळं. पारदर्शक पॉलिथिनचा तुकडा शीटवर राहिला तर मिलवर कोणाला दिसत नाही. मात्र पॉलिथिनही गार शीटलाच लावायचं, नाहीतर ते चिकटून निघताना फाटतं.

एवढं करूनही एखादं कंपाउंड चिकटतच राहिलं तर मिलवर जाऊन उभे राहा. नॅचरल रबर जास्त वेळ घोटलं गेलं की मऊ पडून चिकट होतं. तेल किंवा रेझीन हाताने मोजलं जात असेल तर काटाही तपासा. नवीन कंपाउंडचे तळहाताएवढे दोन तुकडे बुडवून, वाळवून एकावर एक ठेवायचे, वर ५ किलोचं वजन, रात्रभर. सकाळी जे दिसेल तेच पॅलेटवर होणार.

आणि वडी झालीच तर गरम करून सोडवायला जाऊ नका, गंधक घातलेला माल आतून शिजायला, म्हणजे मोल्डमध्ये जाण्याआधीच पक्का व्हायला लागतो. आम्ही तो ठोकळा दिवसभर एसीच्या खोलीत ठेवला. गार रबर बरंच सुटतं. उरलेलं मामांनी साबणाच्या पाण्यात सुरी भिजवून कापलं. प्रत्येक बॅचचा तुकडा मूनीवर (रबराचा घट्टपणा आणि शिजायला लागायचा वेळ मोजणारं यंत्र) लावला. तीन बॅच पुन्हा मिलवर गेल्या. थराच्या बरोबर मधली चौथी मात्र स्कॉर्चला कमी भरली, म्हणजे वेळेआधीच शिजू लागत होती, ती भंगारात टाकली.