स्लीपमधून उठलेल्या संगणकाला नेट मिळत नाही, तेव्हा काय करावं

माउस हलवला, स्क्रीन उजळली, पण नेट नाही. रीस्टार्ट केलं की सगळं सुरळीत. पुन्हा स्लीपमध्ये गेला की तेच. असं होत असेल तर बहुतेक वेळा स्लीपमध्ये जाताना विंडोजने नेटवर्क कार्डाचा वीजपुरवठा तोडलेला असतो आणि उठताना ते कार्ड नीट सुरू होत नाही. खालच्या पायऱ्या विंडोज १० आणि ११ साठी आहेत. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही.

आधी फोन त्याच वायफायला जोडा आणि त्याचा मोबाइल डेटा बंद करून पाहा. फोनलाही नेट नसेल तर संगणकाला हात लावू नका. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा.

फोनवर नेट आहे, संगणकावर नाही? मग कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी अक्षरांत आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप करून एंटर दाबा आणि आयपीव्ही४ पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा संगणकाचा क्रमांक, बघा. घरच्या राउटरने दिलेला पत्ता सहसा १९२.१६८ ने सुरू होतो. तिथे १६९.२५४ दिसलं, तर राउटरकडून पत्ता न मिळाल्याने संगणकाने स्वतःच एक पत्ता घेतला आहे. अशा वेळी वायफाय बंद-चालू केल्याने अनेकदा भागतं. वायफायची यादीच दिसत नसेल, तर कार्डच उठलेलं नाही असं समजा.

त्यावरचा मुख्य उपाय असा:

१. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा.
२. ‘नेटवर्क अडॅप्टर्स’मध्ये आपल्या वायफाय किंवा इथरनेट कार्डाच्या नावावर डबल क्लिक करा. मिनिपोर्ट नावाच्या नोंदी तशाच राहू द्या.
३. ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबमध्ये, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी पहिली टिक काढा.
४. ओके करा, संगणक मुद्दाम स्लीपमध्ये टाका आणि काही मिनिटांनी उठवून पाहा.

यूएसबीला लावलेला वायफाय डोंगल असेल तर ‘यूएसबी रूट हब’च्या नोंदींवरही हीच टिक काढावी लागते. लॅपटॉपची बॅटरी यामुळे थोडी जास्त खर्च होईल, पण रोजच्या वैतागापेक्षा ते परवडतं.

अनेक नव्या लॅपटॉपमध्ये हा टॅब दिसतच नाही. त्यांत ‘मॉडर्न स्टँडबाय’ नावाची वेगळी स्लीप पद्धत असते. तिथे सगळी भिस्त ड्रायव्हरवर, म्हणजे विंडोजला कार्ड चालवता यावं म्हणून लागणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर. ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, आपल्या मॉडेलचाच घ्या. त्रास एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्येच, ‘ड्रायव्हर’ टॅबमधलं ‘रोल बॅक’ वापरा. ते बटण पुसट असेल तर जुना ड्रायव्हर संगणकावर शिल्लक नाही.

शट डाउन करून पुन्हा चालू केल्यावरही नेट येत नाही, रीस्टार्टने मात्र येतं, हा प्रकार अनेकांना बुचकळ्यात टाकतो. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असताना शट डाउनमध्ये विंडोज पूर्ण बंद होत नाही, गाभ्याची स्थिती डिस्कवर साठवून ठेवते. रीस्टार्टमध्ये विंडोज नव्याने सुरू होते. कंट्रोल पॅनेलच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये, पॉवर बटणांच्या सेटिंगखाली, फास्ट स्टार्टअप बंद करता येतो.

नेटवर्कच्या सगळ्या सेटिंग मूळ स्थितीला नेणारं ‘नेटवर्क रीसेट’ अगदी शेवटी. लोक तिथूनच सुरुवात करतात आणि मग साठवलेले वायफाय पासवर्ड, व्हीपीएनची जुळवणी सगळं पुन्हा करत बसतात.

आणि तक्रार फक्त ‘रात्री लावलेलं डाउनलोड अर्ध्यावर थांबतं’ एवढीच असेल, तर बिघाड काहीच नाही. स्लीपमध्ये डाउनलोड थांबायचंच. पॉवर सेटिंगमध्ये स्लीपची वेळ ‘नेव्हर’ करा, फक्त स्क्रीन बंद होऊ द्या, आणि काम झालं की वेळ पूर्ववत करा.