मांजराची अ‍ॅलर्जी: घरगुती उपाय करताना या चुका टाळा

गोव्यात मांजर सहसा कुणी मुद्दाम आणत नाही, ते आपणहून येतं. मासळी साफ करायला बसलं की परसाकडून एखादं येऊन बसतं, काही दिवसांत सोप्यावर पसरतं, आणि पाऊस लागेपर्यंत थेट कुणाच्या तरी अंथरुणात शिरतं. मग घरातल्या एकाला शिंका लागतात, डोळे चुरचुरतात आणि जो तो उपाय सुचवू लागतो. त्यातल्या बऱ्याच उपायांचा नेमच चुकलेला असतो.

पहिला संशय केसांवर. खरं तर अ‍ॅलर्जी केसांची नसतेच. मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या तेलग्रंथींत ‘फेल डी १’ नावाचं प्रथिन असतं. मांजर अंग चाटतं, लाळ वाळते आणि तिचे, कोंड्याचे बारीक कण हवेत तासन्‌तास तरंगत राहतात. गादी, पडदे, कपडे यांना ते चिकटतात. त्यामुळे केस भादरून काही साधत नाही. ‘अ‍ॅलर्जी न होणारी जात’ म्हणून महागडं पिल्लू विकणाऱ्यावरही विश्वास ठेवू नका. प्रथिन कमी-जास्त असेल, पण अजिबात नाही असं मांजर भरवशाने कुणी देऊ शकत नाही. घरात बोका असेल तर नसबंदी मात्र जरूर करा. त्याने हे प्रथिन कमी तयार होतं, वर मारामाऱ्याही कमी होतात.

आंघोळ घातल्याने फरक पडतो, पण काही दिवसांतच सगळं पूर्ववत होतं आणि हातावर ओरखडे तेवढे उरतात. त्यापेक्षा अ‍ॅलर्जी नसलेल्या माणसाने घराबाहेर बसून मांजराला ब्रश करावा, ओल्या फडक्याने पुसावं.

‘चार दिवस मांजर मावशीकडे ठेवून बघू’ हा प्रयोगही फसवा. मांजर गेलं तरी गादी-पडद्यांतलं प्रथिन कित्येक महिने टिकतं. शिंका थांबल्या नाहीत म्हणून मांजर निर्दोष ठरत नाही.

पण ते खरोखर निर्दोष असण्याचीही शक्यता आहे, आणि आपल्याकडे हे फार विसरलं जातं. जूनपासून चवथीपर्यंत (गणेश चतुर्थीपर्यंत) हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे असते. ५० टक्क्यांवर गेली की गादीतले धुळीचे किडे फोफावतात, आणि कपाटामागच्या भिंतीवर बुरशी धरते ती वेगळीच. त्रास सकाळी उठल्या उठल्या जास्त होत असेल, तर आधी कापसाच्या जुन्या गादीवर संशय घ्या. मांजर मांडीवर घेताच डोळे खाजत असतील किंवा त्याने चाटलेल्या जागी गांधी उठत असतील, तर मांजरावर. पुष्कळांना दोन्हींचा त्रास असतो. डॉक्टरांकडून त्वचेवरची चाचणी करून घेतली की अंदाजबाजी संपते.

आता सगळ्यात घातक चूक. तिन्हीसांजेला धूप घालून ‘हवा शुद्ध’ करणं, नीलगिरीचं किंवा टी-ट्रीचं तेल शिंपडणं, कापूर ठेवणं. धुराने सुजलेलं नाक आणखी चिडतं, दम्याच्या माणसाला तर धाप लागते. ही तेलं आणि कापूर मांजराला विषारी आहेत. त्याच्या यकृताला असे पदार्थ नीट पचवता येत नाहीत, आणि पायाला-अंगाला लागलेलं ते चाटूनच साफ करतं. काळ्या फिनेलने फरशी पुसणाऱ्यांनाही हेच लागू.

मग करायचं काय? झोपायच्या खोलीत मांजराला कायमची बंदी. रात्रीपुरती नव्हे, दिवसाही, कारण दुपारी ते लोळलेल्या उशीवरच तुम्ही रात्री नाक ठेवता. गादी-उशांना चेन असलेली घट्ट विणीची खोळ घाला, चादरी आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा. केरसुणीने कोरडा झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. पंख्याची पाती आणि एसीची जाळी विसरू नका. ऐपत असेल तर याच खोलीत हवेतले बारीक कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरचं यंत्र लावा. मांजराला कुरवाळलं की डोळ्यांकडे हात नेण्याआधी साबणाने धुवा.

मिठाच्या पाण्याने नाक धुतल्यास आराम पडतो. पाणी मात्र थेट विहिरीचं किंवा नळाचं नको. उकळून गार केलेल्या ग्लासभर पाण्यात पाव चमचा मीठ पुरे. हळदीचं दूध खुशाल प्या, पण त्याच्या भरवशावर इनहेलर बंद करू नका. छातीत घरघर, धाप किंवा रात्री जागवणारा खोकला असेल तर घरगुती उपाय बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. ‘सवय होईल’ म्हणून लहान मुलाला मांजराजवळ झोपवणं तर नकोच.

आणि चवथीच्या साफसफाईत माळा-कपाटं उपसायचं काम ज्याला त्रास आहे त्याच्या गळ्यात घालू नका. त्याला माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचं) सामान आणायला म्हापशाच्या बाजारात पिटाळा, आणि धूळ बसून फरशी ओली पुसून झाल्यावरच घरात घ्या.